खाऱ्या जमिनीत बॅक्टेरिया टाकून खरंच काही होतं का? (जंबुसर बाजू)

जंबुसरवाट | १२ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. राहतो बडोद्यात दांडिया बाजारात, नोकरी मकरपुऱ्यात, शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही पण आजोबांची सहा विघे जमीन आहे भरुच जिल्ह्यात जंबुसरच्या बाजूला, ती इतकी वर्षं भागियाला (वाटेकऱ्याला) दिलेली होती, तो त्यात कापूस घ्यायचा आणि दिवाळीला वडिलांच्या हातात काहीतरी ठेवायचा. मागच्या हिवाळ्यात मला हुक्की आली की टोमॅटो लावू. बोअर होतीच. रोपं लावली, पहिले पंधरा दिवस मस्त, मग पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या, झाडं गुडघ्याएवढीच राहिली, फळं लिंबाएवढी आणि त्यातही बुडाशी काळी पडलेली. परवा जाऊन आलो तर शेतावर पांढरी साय धरलीय, बोटावर घेऊन चाटलं, मीठच.

आता बियाण्याच्या दुकानात एक जण म्हणतो ही बाटली घ्या, यात मीठ खाणारे बॅक्टेरिया आहेत, दोन वर्षांत जमीन गोड होईल. लिटरला साडेसहाशे. बायको म्हणते आणखी पैसे घालू नका. कोणाला अनुभव आहे का?

शंकेखोर | १२ मे, रात्री ११.०५

मीठ खाणारे बॅक्टेरिया 😂 आणि ते खाऊन शौचाला कुठे जातात ते विचारलंत का दुकानदाराला?

गॅलरीवाली | १३ मे, सकाळी ७.१५

चाटून बघितलंत??? त्या शेतात कोण काय फवारतं देवाला ठाऊक.

खारी_जमीन | १३ मे, सकाळी ८.३०

भाई, माझी जमीन पादरा गावाच्या पुढे, चाळीस वर्षं करतोय. तुमच्याकडे खार येणारच, कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाची पिंड भरतीला बुडते आणि ओहोटीला उघडी पडते, तोच समुद्र तुमच्या बोअरच्या खाली आहे असं समजा. जेवढं जास्त उपसाल तेवढा तो आत येतो. तुमचा भागिया खुळा नव्हता, कापूस खार सोसतो म्हणून कापूस घ्यायचा. टोमॅटो सोसत नाही. आता पहिली गोष्ट, माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या, मग बाटलीचं बोलू.

जंबुसरवाट | २१ मे, रात्री ९.५०

नाना (तुम्हाला नाना म्हटलं तर चालेल ना), तपासून आणलं. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ३२०० मिलिग्रॅम. मातीचा ईसी (वीज किती वाहते तो आकडा, मीठ जास्त तेवढा तो जास्त) २.१, सामू (पीएच) ८.२. लॅबवाला म्हणाला ईसी २ म्हणजे काही फार नाही.

मायक्रोताई | २१ मे, रात्री १०.२०

धाग्यावर उशिरा आले, सॉरी. मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून मायक्रोबायोलॉजी केलंय, आता शिकवते.

आधी तो २.१ आकडा. एक भाग माती दोन भाग पाणी असं ढवळून मोजला असणार, रिपोर्टवर १:२ लिहिलंय का बघा. पण पुस्तकात जमीन खारी ठरवतात ती ४ डेसीसिमेन्सची (ईसी मोजायचं एकक) रेषा आहे ना, ती मातीचा पाण्यात भिजवून लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याची असते. दोन भाग पाणी घातलं की मीठ पातळ होतं, आमटीत पाणी ओतल्यासारखं. काळ्या चिकण मातीत खरा आकडा साधारण अडीच-तीनपट धरा, म्हंजे तुमचा पाच-सहाच्या घरात जातो. टोमॅटोचा सोसायचा आकडा २.५, त्याच्या पुढे प्रत्येक एका आकड्याला उत्पन्न दहा टक्के घसरतं. तुम्ही सहावर असाल तर पस्तीस टक्के तिथेच गेले, आणि वरून पाणीही खारंच पाजताय. कापसाचा आकडा ७.७ आहे. नाना बरोबर बोलले, भागियाला हे सगळं आकड्याशिवाय माहीत होतं.

फळाचं बूड काळं पडणं तेही यातलंच, मीठ जास्त असलं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

शंकेखोर | २१ मे, रात्री १०.४५

मी रिफायनरीतून रिटायर झालेला माणूस, मला आत किती गेलं आणि बाहेर किती आलं एवढंच कळतं. हिशोब करून बघा. एका हेक्टरला पाच सेंटिमीटरचं एक पाणी दिलं तर पाच लाख लिटर झालं. लिटरला ३.२ ग्रॅम मीठ, म्हणजे १६०० किलो. एका पाण्याला! हिवाळ्यात सहा पाणी दिलीत तर साडेनऊ टनाच्या वर मीठ तुम्ही स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वीजबिलावर शेतात नेऊन टाकलंत. आणि बाटलीत काय आहे, एक लिटर. सोडियम हे मूलद्रव्य आहे, ते कोणी पचवून नाहीसं करू शकत नाही, बॅक्टेरिया नाही आणि त्याचा बापही नाही.

जंबुसरवाट | २१ मे, रात्री १०.५२

साडेनऊ टन 😳 बायकोला हे वाचून दाखवणार नाही.

मायक्रोताई | २१ मे, रात्री ११.३०

शंकेखोर काका, हिशोब एकदम बरोबर, पण त्यावरून बॅक्टेरिया म्हणजे थाप असं नाही निघत. दुकानदार खोटं बोलला ते "मीठ खातात" हे. बॅक्टेरिया मीठ खात नाहीत, झाडाला ते सोसायला मदत करतात. जमीन जेवढी खारट होती तेवढीच राहते.

झाडाच्या मुळाला मीठ जाणवलं की झाड एथिलीन सोडतं. हा वायू तुम्हाला माहितीय, आढीत आंबा पिकतो तो ह्याच वायूनं. थोडा असला तर ठीक, पण खारीत झाड तो इतका सोडतं की स्वतःच अकाली म्हातारं होतं, मूळ वाढायचं थांबतं, पानं पिवळी पडून गळतात. म्हंजे मीठ जेवढं मारतं त्यात झाडाच्या स्वतःच्या घबराटीचाही वाटा असतो. आता हा एथिलीन ज्याच्यापासून बनतो त्या पदार्थाला एसीसी म्हणतात, तो थोडा मुळातून बाहेर पाझरतो, आणि काही बॅक्टेरियांकडे तो तोडायचं एन्झाइम आहे. एसीसीमध्ये नायट्रोजन असतो, त्यांना तो खाऊ. ते बाहेरचा एसीसी खातात, आतला बाहेर येत राहतो, झाडात एथिलीन कमी बनतो. ग्लिक नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं १९९८ साली ही मांडणी केली. मग २००४ साली इस्रायलच्या अरावा वाळवंटातून काढलेला असाच एक बॅक्टेरिया मिठाचं पाणी दिलेल्या टोमॅटोच्या रोपांना लावला, ती रोपं नुसत्या रोपांपेक्षा चांगली वाढली. टोमॅटोच हं, तुमचंच पीक.

दुसरी तऱ्हा म्हंजे काही बॅक्टेरिया मुळाभोवती बुळबुळीत थर करतात, भेंडी चिरताना सुटते ना तार तसा, त्यात थोडा सोडियम अडकतो आणि मुळाभोवती ओलही टिकते. आणि बॅसिलस सबटिलिसच्या एका जातीवर २००८ मध्ये काम झालं त्यात दिसलं की तिच्या नुसत्या वासानं, म्हंजे ती जे वायू सोडते त्यानं, झाड मुळातला सोडियम आत घेणारा दरवाजा अर्धा लावून घेतं. पण ते झाड लॅबमधलं छोटं तण होतं, शेतातलं पीक नव्हे, हे मी आधीच सांगून टाकते नाहीतर काका धरतील मला.

शंकेखोर | २२ मे, सकाळी ६.१०

धरलंच होतं. कुंडीत, लॅबमध्ये, रोपावर. शेतात काय?

मायक्रोताई | २२ मे, दुपारी १.४०

शेतात कधी दिसतं कधी नाही, खरं तेच आहे. मातीत आधीच कोट्यवधी जिवाणू बसलेत, बाहेरून आलेला म्हंजे दिवाळीच्या गर्दीत मांडवीला गाडी पार्क करायला आल्यासारखा, जागा मिळेल तर मिळेल. काही आठवड्यांत संख्या घटते, म्हणून दर पिकाला नव्यानं द्यावं लागतं. एकदा टाकलं आणि जमीन सुधारली असं होत नाही.

म्हणूनच लोक खारीतच वाढलेले बॅक्टेरिया शोधतात. आपल्याजवळचं उदाहरण भावनगरचं, तिथली केंद्रीय मीठ संशोधन संस्था. समुद्रकाठी सॅलिकॉर्निया नावाचं मांसल झुडूप येतं, त्याच्या मुळातून त्यांनी एक नवीनच बॅक्टेरिया काढला, २०११ साली त्याचं नाव ठेवलं ब्रॅकीबॅक्टेरियम सौराष्ट्रेन्स. सौराष्ट्राच्या नावानं बॅक्टेरिया आहे हे मला भयंकर आवडतं. पुढे त्यांनी तो भुईमुगावर लावून बघितला, खाऱ्यात रोपं बरी आली.

कोकणी_माणूस_बडोद्यात | २२ मे, दुपारी ३.००

आमच्याकडे खाजणात मोरस उगवते, मांसल पानांची, भाजी करतात, मीठ घालावं लागत नाही. तिच्या मुळाची माती आणून ताकात कालवून टोमॅटोला घातली तर? फुकटात काम.

मायक्रोताई | २२ मे, दुपारी ३.२५

नको हो दादा. त्या मातीबरोबर मीठही येईल आणि काय काय येईल सांगता येत नाही. मुळांजवळचे काही बॅक्टेरिया झाडाला चांगले पण आजारी माणसाला इन्फेक्शन करणारे असतात, तो अरावावाला ज्या गोत्रातला आहे त्यातलेही. लॅबमधला प्रत्येक चांगला बॅक्टेरिया बाटलीत येत नाही त्याचं एक कारण हे.

कोकणी_माणूस_बडोद्यात | २२ मे, दुपारी ३.३०

बरं. मग भाजीच खातो. बाय द वे खारीत भातच लावायचा असेल तर पनवेलच्या खारभूमी केंद्राचे वाण आहेत, पनवेल १, २, ३. माझे काका लावायचे.

खारी_जमीन | २२ मे, संध्याकाळी ७.००

इथे भात नको, पाणी कुठे आहे. कर्नालला केंद्रीय क्षार संशोधन संस्था आहे १९६९ पासूनची, तिचं केंद्र भरुचला आहे, आपल्यासारख्या काळ्या खाऱ्या जमिनीवरच काम करतात. त्यांना विचारा. सुवा (शेपूचं बी हो) घ्या म्हणतात हिवाळ्यात, कमी पाण्यात येतो. मी घेतलाय, ठीक आहे, श्रीमंत नाही होत कोणी.

आणि ताई, एक विचारतो. त्यांच्या लखनौ केंद्राचं हॅलो-अझो, हॅलो-पीएसबी असं कल्चर (वाढवलेले बॅक्टेरिया) आहे ऐकलं, ते इथे चालेल का?

मायक्रोताई | २२ मे, रात्री ९.४५

नाना, तिकडची जमीन चोपण. चोपण आणि खारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक सर्रास घोळ करतात. खारीत विरघळलेलं मीठ जास्त, सामू ८.५ च्या खाली. चोपणमध्ये मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला, सामू ८.५ च्या वर, कधी १० पण, पाऊस पडला की चिखल आणि वाळली की सिमेंट. चोपणला जिप्सम लागतं, त्यातला कॅल्शियम जाऊन सोडियमला हुसकतो. नुसत्या खारीला जिप्सम घालून काही होत नाही, तिला गोडं पाणी आणि निचरा लागतो. त्यांचे बॅक्टेरिया तिकडच्या जमिनीतले, तिकडे निवडलेले. इथे अजिबात चालणार नाहीत असं नाही म्हणत, पण इथे लावून बघितल्याशिवाय बोलणार नाही.

देशात अशी बिघडलेली जमीन ६७ लाख हेक्टरच्या आसपास धरतात, त्यातली २२ लाख एकट्या गुजरातेत. पण २२ लाख सगळी एकसारखी नाही.

गॅलरीवाली | २३ मे, सकाळी ११.००

मध्येच विचारते, रागावू नका. माझ्या कढीपत्त्याची पानं पण कडेनं जळतायत, मी तर शेतकरी नाही, चौथ्या मजल्यावर राहते. आरओचं वाया जाणारं पाणी घालते, पाणी वाचवायचं म्हणून.

शंकेखोर | २३ मे, सकाळी ११.१५

तुमचं गॅलरीतलं जंबुसर तयार झालंय बाई. आरओ गोडं पाणी तुम्हाला देतो आणि मीठ कढीपत्त्याला.

मायक्रोताई | २३ मे, सकाळी ११.४०

😂 खरंय पण. त्या पाण्यानं लादी पुसा. कुंडीत एक-दोनदा नळाचं पाणी भरपूर ओता, खालून वाहून जाईस्तोवर. बॅक्टेरिया वगैरे काही नको.

जंबुसरवाट | २ जून, रात्री १०.१५

सगळं वाचलं दोनदा. बाटली घेतली नाही. म्हणजे ती नाही घेतली. पण मला एक बघायचंच आहे, आता खाजच आहे समजा. टोमॅटो थोडाच लावीन, बाकी जमीन भागियाला कापसाला. काय काय करू ते सांगा सरळ.

खारी_जमीन | ३ जून, सकाळी ७.४५

पाऊस यायच्या आधी शेताला पाळी (मातीचा बांध) बांधा चारी बाजूनं, एका कोपऱ्यात मोरी ठेवा. पहिले दोन-तीन मोठे पाऊस आत थांबवा, पाणी मुरू दे, मीठ खाली जातं, मग वरचं साचलेलं काढून टाका चरातून. काळी जमीन, निचरा हळू, घाई नको. शक्य असेल तर एका कोपऱ्यात तलावडी खोदा, पावसाचं गोडं पाणी धरा, रोपं लहान असताना तेच पाजा, बोअर नंतर. झाड लहानपणीच जास्त मरतं खारानं, माणसाच्या पोरासारखंच. आणि रोप सरीच्या माथ्यावर नाही लावायचं, मीठ चढून माथ्यावर बसतं. बगलेला लावा. वर पेंढा पसरा, जमीन तापून पाणी उडालं की मीठ वर येतं.

ड्रिप असेल तर अजून एक, अवकाळी पाऊस आला तर ड्रिप बंद नाही करायची, चालू ठेवायची. ओल्या गोलाच्या कडेला मीठ जमलेलं असतं ते पावसानं परत मुळाकडे ढकललं जातं. लोक नेमकं उलटं करतात, पाऊस आला की मोटर बंद.

मायक्रोताई | ३ जून, रात्री ९.००

नानांनी सांगितलं ते पंचाण्णव टक्के, माझं पाच टक्के.

कल्चर आणंदच्या कृषी विद्यापीठाचं लिक्विड मिळतं ते घ्या, अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतला नायट्रोजन झाडाला देणारा) आणि स्फुरदवालं (मातीतला फॉस्फरस मोकळा करणारं). ते खास खारीसाठीचं म्हणून विकत नाहीत हे आधीच सांगते, पण निदान बाटलीत जिवंत काहीतरी असेल. घेताना लेबल वाचा. जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत, लिक्विडला एका मिलिलिटरमध्ये कमीत कमी १० कोटी जिवंत पेशी लागतात, पावडरीला ग्रॅममागे ५ कोटी. आकडा नाही, तारीख नाही, तर ठेवा परत. आणि दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली तर फुकट दिली तरी घेऊ नका, बडोद्याच्या मे महिन्यात आत सूप झालेलं असतं.

लावायच्या दिवशी बादलीत पातळ करून रोपांची मुळं अर्धा तास बुडवा, संध्याकाळी लावा. नळाचं पाणी असेल तर आदल्या रात्री उघडं ठेवा, क्लोरीन उडतो. बुरशीनाशक त्याच बादलीत अजिबात नाही, तांब्यावालं तर नाहीच. दोन-तीन आठवड्यांनी शेणखतात मिसळून एकदा बुडाशी द्या.

शंकेखोर | ३ जून, रात्री ९.२०

आणि काही ओळी बिना बाटलीच्या ठेवा. नाहीतर पीक आलं तर बॅक्टेरियामुळे आणि नाही आलं तर नशिबामुळे, असं होईल.

अजून एक. बाटलीत बॅक्टेरियाशिवाय त्यांचं अन्नपाणीही असतं, त्यानंच झाड खूष होत असेल तर? म्हणून तिसऱ्या ओळींना तीच बाटली द्या पण मारून. कुकरला लावा.

मायक्रोताई | ३ जून, रात्री ९.३१

काका!!! हे फार भारी आहे. आमच्या लॅबचं ऑटोक्लेव्ह म्हंजे मोठा कुकरच. वीस मिनिटं शिट्टीच्या जोरावर ठेवा, बीजाणू पण मरतात. काचेच्या बाटलीत घाला, बूच सैल ठेवा.

जंबुसरवाट | ३ जून, रात्री ९.५०

कुकर बायकोचा आहे. जुना एक माळ्यावर आहे, तो काढतो, तिला सांगू नका.

गॅलरीवाली | ४ जून, सकाळी ८.००

वहिनी हा धागा वाचतात असं समजून चाला.

जंबुसरवाट | १९ ऑक्टोबर, रात्री ११.००

अपडेट. पाऊस झाला, पाळी फुटली एकदा, परत बांधली. परवा लावणी झाली. सहा ओळी: दोन जिवंत, दोन कुकरवाल्या, दोन काहीच नाही. प्रत्येकीला खुंटी ठोकून रंग लावलाय. माती परत तपासली, त्याच १:२ पद्धतीनं १.३ आला, बाटलीच्या आधीच! नाना, हे तुमच्या पाळ्यांचं. आणि हो, कुकरचं कळलं. वास गेला नाही घरातून आठवडाभर.

खारी_जमीन | २० ऑक्टोबर, सकाळी ७.१०

पावसाचं, माझं नाही. आता बोअर जपून.

शंकेखोर | १५ डिसेंबर, दुपारी ४.००

काय झालं? धागा वर आणतोय.

जंबुसरवाट | २४ जानेवारी, रात्री १०.३०

उशीर झाला, लिहायची लाज वाटत होती. तोडा संपत आलाय. एकंदरीत पीक मागच्यापेक्षा कितीतरी बरं, फळ फळासारखं दिसतं, खंडेराव मार्केटला नेलं तर कोणी हसलं नाही.

पण आता ऐका. मागच्या रविवारी भागियाशी बोलत होतो, तो सहज म्हणाला, "साहेब, तुमची ती दवा बादलीत उरली होती, बिचाऱ्या दोन ओळींना काहीच मिळालं नव्हतं, म्हणून मी त्यांना घातली." म्हणजे काहीच-नाही वाल्या ओळी गेल्या. मला रडावं का हसावं कळेना. त्याला म्हणालो अरे मुद्दाम ठेवल्या होत्या, तर म्हणाला मुद्दाम कोण उपाशी ठेवतं?

राहिल्या जिवंत आणि कुकर. जिवंतवाल्या दोन ओळींचे मिळून अकरा क्रेट, कुकरवाल्यांचे दहा. पानं जिवंतच्या ओळीत जरा कमी जळलेली वाटली, पण मला माहीत होतं कुठली कोणती, तेव्हा डोळ्यांवर विश्वास नाही.

मायक्रोताई | २४ जानेवारी, रात्री १०.५५

उपाशी कोण ठेवतं 😂😂 मी हे वर्गात सांगणार आहे.

दोन-दोन ओळींवर एका क्रेटचा फरक म्हंजे काही सिद्ध होत नाही हो. जिवंतवाल्या ओळी तलावडीकडच्या बाजूला होत्या का?

जंबुसरवाट | २४ जानेवारी, रात्री ११.०२

...हो.

शंकेखोर | २४ जानेवारी, रात्री ११.०५

झालं मग. पुढच्या वर्षी बारा ओळी, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं कुठल्या कशाच्या. आणि खुंट्यांचे रंग भागियाला सांगायचे नाहीत.

खारी_जमीन | २५ जानेवारी, सकाळी ६.५०

आणि बादलीत उरवायचं नाही काही.

गॅलरीवाली | २५ जानेवारी, सकाळी ९.३०

कढीपत्त्याला नवीन पालवी फुटली, कोणाला हवा असेल तर चौथ्या मजल्यावर या.